जास्वंदीपर्यंतचा पोर्शन

आमचं चर्च म्हणजे सिमेंटच्या पत्र्याचा एक हॉल. पिंपरीत कंपन्या आल्या, कंपन्यांमागं नगरकडची आमची माणसं आली आणि माणसांमागं पाळक साहेब सायकलवरनं आले. मनोरा नाही, घंटा नाही. घंटेच्या जागी बाहेरच्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. तो वाजवायचं खातं पप्पांकडं. त्यांच्या कंपनीनं भंगारात काढलेला एक मोठा पाना त्यांनी त्यासाठी घरी आणून ठेवला होता आणि आमच्या घरात त्या पान्याला माझ्यापेक्षा जास्त मान होता.

रविवारच्या उपासनेला पप्पा साधे ठोके द्यायचे. लग्नाचे ठोके मात्र वेगळे. आधी सावकाश, मग जरा थांबून, मग असा काय हात सुटायचा की वस्तीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. वस्तीतल्या प्रत्येक पोरीचं लग्न पप्पांनी वाजवलं होतं. ताई फ्रॉक घालायची तेव्हापासनं सांगून ठेवायची, "पप्पा, माझ्या लग्नात पाना मोडला पाहिजे." पप्पा म्हणायचे, "पाना न्हाई, रूळच तोडतो बघ."

माझं काम नकला. पाळक साहेब, चर्चची पंच कमिटी, आयटीआयचे मास्तर, कंपनीचा वॉचमन, सगळे माझ्या गळ्यात राहायला. भाडं कुणीच देत नव्हतं.

आता पाळक साहेबांच्या त्या वर्गाचं सांगायला पाहिजे. तरुण संघासाठी दर वर्षी 'शुद्ध जीवन' नावाचा वर्ग भरायचा. पोरं डावीकडं, पोरी उजवीकडं, मधे चादर टांगलेली. नंतर नंतर त्या वर्गाला एक नर्सबाई यायला लागल्या आणि खरंखुरं सांगायला लागल्या, तेव्हा त्यातली मजाच गेली. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. तेव्हा साहेब स्वतः शिकवायचे. वाटेवरच्या एका बंगल्याच्या कुंपणावरचं एक जास्वंदीचं फूल घेऊन यायचे, घाम पुसायचे आणि सुरू करायचे, "हा पुंकेसर. हा स्त्रीकेसर. परागकण इकडून तिकडं जातात." मग फुलाकडं बघून खोकायचे. "पुढचं तुम्हाला योग्य वेळी कळेल. आपण यावर प्रार्थना करू."

संपला वर्ग. चार वर्षं बसलो मी त्यात. एवढंच कळलं की आपण जास्वंदीपासनं लांब राहायचं.

तिकडं सरकारनं गावभर भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवून ठेवलेले. एक आमच्या चर्चच्या कुंपणावर पण होता. पंच कमिटी चिडली, त्याच्यावर चुना मारला आणि वर शास्त्रातलं एक वचन लिहून घेतलं. पहिल्या पावसाळ्यात चुना धुऊन गेला, तेलाच्या रंगातलं वचन राहिलं आणि त्रिकोणपण राहिला. एकाच भिंतीवर दोघं सुखानं नांदायला लागले.

तर अशा सगळ्या शिक्षणातनं आमची ताई तीन महिन्यांची गरोदर राहिली.

ती तेव्हा औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. दाजी भोसरीला फिटर, आमच्याच मंडळीतला. लग्न ठरलेलंच होतं, फक्त दाजीला चिखलीत खोली मिळायची वाट बघत होते. खोली लांबली, बाकीचं लवकर झालं.

आईनं डोक्याला हात लावला. पप्पांनी बोलणंच सोडलं. ताईशी बोलायचं असलं की मला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." ताई शेजारीच बसलेली असायची. मग ती मला म्हणायची, "त्यांना म्हणावं, घ्या." मी ट्रंक कॉलच्या ऑपरेटरच्या आवाजात लाइन जोडून द्यायचो.

पण गंमत तेवढीच. बाकी भीती होती. अशा पोरीला पंच कमिटी समोर बोलवायची, प्रश्न विचारायची आणि मग लग्न असं लावायची की लागलं काय आणि न लागलं काय. आठवड्याच्या मधल्या वारी. गाणी नाहीत, डोक्यावर जाळीची ओढणी नाही आणि घंटा नाही. ताईच्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं. ती लग्न लावून जी गावाकडं गेली, ती परत चर्चची पायरी चढली नाही. ताई मला म्हणाली, "ओढणी गेली खड्ड्यात रे. पण घंटा वाजली नाही तर पप्पा जन्मभर असेच मीठ मागत बसतील."

तिला पंचांसमोर नुसतं उभं राहायच्या विचारानंच कापरं भरायचं. म्हणून मी तालीम घ्यायचं ठरवलं. रोज संध्याकाळी पप्पा सेकंड शिफ्टला गेले की मी पत्र्याच्या पेटीवर बसायचो. मुख्य पंच म्हणजे रिटायर झालेले मिलिटरीवाले. दर वाक्याआधी छत्री जमिनीवर आपटणार आणि म्हणणार, "मुद्दा असा की." दुसरे एक पंच होते, ते चावीनं कान कोरायचे आणि शेवटी डोळे मिटून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम." मी दोघंही करायचो. छत्रीच्या जागी लाटणं.

"मुद्दा असा की मुली, हे घडलं तरी कसं?"

पहिल्या दिवशी ताई रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्हाला पाच पोरं आहेत काका, तुमचं कसं घडलं?" आई स्वयंपाकघरातनं ओरडली, "थोबाड फोडीन दोघांचं!" पण आवाजावरनं कळत होतं की तीपण हसतीय. आठवडाभरात ताई इतकी तयार झाली की तिची भीती पार गेली. तिथंच घोटाळा झाला.

कमिटी बसली त्या दिवशी पप्पा म्हणाले, "मी जायाचा न्हाई." मग घरचा पुरुष म्हणून मी गेलो. पप्पांचा कोट घालून. बाह्या गुडघ्यापर्यंत. बोलावणं फक्त ताईला होतं, पण दाजी आपण होऊन आला आणि दारात उभा राहिला.

मुख्य पंच म्हणाले, "आपलं इथं काय काम?"

दाजी म्हणाला, "साहेब, काम माझंच हाय."

कुणीतरी खोकलं. मुख्य पंचांनी छत्री आपटली. "मुद्दा असा की..." आणि नेमकं त्याच क्षणी दुसऱ्यांनी खिशातनं चावी काढून कानात घातली.

मी ताईकडं बघितलंच नाही. ती पदर चावत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा पंचांना वाटलं, पश्चात्ताप झाला. मुख्य पंच जरा मऊ झाले आणि म्हणाले, "मुद्दा असा की मुली, तुम्हाला वर्गात एवढं शिकवलं. मग हे घडलं तरी कसं?"

ताई म्हणाली, "काका, वर्गात पोर्शन जास्वंदीपर्यंतच झाला होता. पुढचं आमचं आमी केलं."

आणि फुटली. हसू म्हणजे असं, थांबेचना. बाकाला धरून हसली. चावीवाले घाईघाईनं म्हणाले, "नियम म्हणजे नियम," तर त्याच्यावर आणखी हसली. पाळक साहेब कोपऱ्यात लालबुंद होऊन बसलेले. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, तसे ते उठले, खोकले आणि म्हणाले, "आपण यावर प्रार्थना करू."

प्रार्थना झाली आणि निकाल लागला. रविवारी लग्न नाही. गाणी नाहीत, ओढणी नाही, घंटा नाही. ताईला वर्षभर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बंद. दाजीचं मात्र चालू. दाजी म्हणाला, "माझंपण बंद करा की राव." पंच म्हणाले, "तशी पद्धत नाही." पुढच्या रविवारी प्याला त्याच्यापुढं आला, तर त्यानं तो तसाच पुढच्या माणसाकडं सरकवला. हे सगळ्यांनी बघितलं. पाळक साहेबांनीपण.

दोन दिवसांनी साहेब सायकलवरनं आमच्या घरी आले. आईनं भजी तळली. पप्पा कोपऱ्यात पाना पुसत बसलेले, कशासाठी ते त्यांनाच माहीत. साहेबांनी दोन भजी खाल्ली आणि मला म्हणाले, "तू माझी नक्कल करतोस म्हणे."

मी म्हणालो, "कोण म्हणतं?"

"पाळकीणबाई. त्यांना फार आवडते. करून दाखव."

आई मला डोळ्यांनी मारत होती. पण कलाकाराला फर्माईश आली की इलाज नसतो. मी उभा राहिलो. घाम पुसला, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला, परत काढला. खोकलो. "बाई, तुमचं दुःख मला कळतं. आपण यावर प्रार्थना करू."

साहेब हसले. पोट हलेपर्यंत हसले. मग म्हणाले, "आणि पुढं?"

"पुढं काय साहेब? पुढं तुम्ही सायकल काढता."

आई म्हणाली, "साहेब, पोरगं वात्रट हाय, मनावर घेऊ नका." साहेबांनी रुमाल काढला आणि या वेळी खरंच डोळे पुसले. ताईकडं बघून म्हणाले, "पोरी, मी तुला जास्वंदीपर्यंतच शिकवलं हे खरंय. मलाच लाज वाटायची." आणि रुमालाची घडी घालायला लागले. प्रार्थना नाही, काही नाही. मग एकदम मला म्हणाले, "फर्स्ट शिफ्ट सुटायचा भोंगा किती वाजता होतो रे तुमच्या कंपनीचा?"

"तीनला."

"शेजारच्या कंपनीचा?"

"तोपण तीनलाच. पण त्यांचं घड्याळ जरा मागं आहे."

"छान," साहेब म्हणाले आणि सायकल काढली.

लग्न ठरलं मंगळवारी, दुपारी अडीचला. मुख्य पंच म्हणाले, "अशा वेळी कोण येणार?" साहेब म्हणाले, "तीच तर शिस्त." पंच खूश.

हॉलमधे आम्ही मूठभर माणसं. ताई पांढऱ्या साडीत, डोकं मोकळं. पप्पा आत आलेच नाहीत, बाहेर कडुलिंबाखाली पाठ करून उभे. पण साहेबांचा हिशोब चुकला. गाणी नाहीत, उपदेश नाही, त्यामुळं सगळं झटक्यात उरकलं. अंगठ्या घालून झाल्या तरी तीन वाजायला बराच वेळ होता. साहेबांनी मनगटाकडं बघितलं आणि म्हणाले, "आपण यावर प्रार्थना करू."

काय ती प्रार्थना! नवऱ्या-नवरीसाठी केली. आईबापांसाठी केली. नगरच्या पावसासाठी, चिखलीच्या खोलीसाठी, खोलीच्या मालकासाठी केली. पंतप्रधानांसाठी केली. पंचांसाठी एकेकाचं आडनाव घेऊन केली. मुख्य पंचांनी छत्री हळूच आपटून बघितली. साहेब रशिया-अमेरिकेत शिरले. तिथनं चंद्रावर गेले आणि तिथं उतरलेल्या माणसांसाठी करायला लागले, तेवढ्यात भोंगा झाला.

आमच्या कंपनीचा भोंगा म्हणजे पत्रे हलतात. तो संपतोय तोवर शेजारचा सुरू झाला. साहेबांनी दोन्ही हात वर करून ताई-दाजीला आशीर्वाद दिला. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. शिफ्ट सुटलेली माणसं सायकली घेऊन कुंपणापाशी थांबली आणि त्या लाल त्रिकोणावरनं माना काढून आत बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुख्य पंच साहेबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "घंटेला मनाई होती!"

साहेब ओरडले, "भोंगा कंपनीचा आहे!"

मग भोंगे थांबले. ताई बाहेर बघत होती, कडुलिंबाकडं. पप्पांची पाठ तशीच.

टण्ण.

मुख्य पंच दारात धावले. "हे काय चाललंय?"

पप्पा पान्याकडं बघत म्हणाले, "काय न्हाई साहेब. हातातनं सुटला." आणि मग माझ्याकडं नाही, सरळ ताईकडं बघून म्हणाले, "घामानं सुटतोय गं सारखा."

आणि परत सुटला. परत सुटला. मग असा काय सुटायला लागला की वस्तीतली कुत्री उठून बसली.