बाईंनी गावोगाव जाणं सोडलं

बारावीचा निकाल लागला की आमच्या बाई खांद्याला पिशवी लावून एसटीत बसायच्या. चंद्रपूरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावरही पास झालेल्या मुलींच्या आईबापांना गाठणं थांबलं नव्हतं. "बारावी म्हंजे नुसतं दार उघडलं. पोरीले आत तर जाऊ द्या," त्या सांगायच्या.

मलाही त्यांनी असंच एटापल्लीकडच्या माझ्या गावातून आणलं. एम.ए. होईपर्यंत मी त्यांच्याच घरी राहिले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही जंगलाकडच्या दोन-चार पोरी कायम असायचो.

पुढे त्या मला सोबत नेऊ लागल्या. कुणी अंगणात बाज टाकली की म्हणायच्या, "ही पाहा, तुमच्याच जंगलातली. कॉलेजात शिकवते." मी तासिकेवर शिकवत होते, म्हणजे बोलावलं तर काम, नाही तर घरी. नंतर बोलावणंच बंद झालं. तरी बाई "शिकवते" म्हणत राहिल्या. पुढच्या सत्रात मला नक्की बोलावतील, असा त्यांचा भरवसा होता.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका आडगावात गेलो. खाणीच्या ट्रकांमुळे बस फार रखडली. बाईंचा पदर धुळीनं लाल झाला होता. ज्या मुलीसाठी गेलो ती दाराआड उभी होती. तिची आई तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसली होती. बाईंचं सगळं बोलणं तिनं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून गोंडीत विचारलं, "तू एवढी शिकलीस, आता काय करतेस?"

मी गोंडीतच सांगितलं, "घुग्घुसला साड्यांच्या दुकानात आहे."

"ते तर न शिकताही जमलं असतं."

बाईंना गोंडी येत नव्हती. "काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं. मी दोघींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

एरवी बाईंकडे कशालाही उत्तर असायचं. त्या दिवशी त्यांनी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला.

आई मराठीत म्हणाली, "राग नका मानू बाई. कॉलेज करून पोरगी इथीच येईल. मंग तिले नोकरी बी नाई अन् नवरा बी नाई. दोन्हीकडून जाईल ना ती."

"राग नाई," बाई म्हणाल्या आणि उठल्या. दाराआडची मुलगी अंगणात आली. तिनं वाकून बाईंच्या पायांना हात लावला. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं.

बाई पुन्हा कुठल्याच गावाला गेल्या नाहीत. चंद्रपूरचं घर विकून त्या वरोऱ्याला भाच्याकडे राहायला गेल्या. यंदा निकाल लागला त्या आठवड्यात मी भेटायला गेले. निकालाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

भाचसून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुले त्या दिवशी त्या पोरीच्या आईजवळ खोटं बोलता आलं असतं."

"हो."

"नाई बोलली ते बरं केलं." मग त्यांनी विचारलं, "पण मंग मी इतकी वर्षं पोरीयले काय सांगत होती?"

भाचसून चहा घेऊन आली, तेव्हा बाई तिच्याशी सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलू लागल्या.