होडीवाल्याचा प्रश्न

परभणीकडून बोईसरला येताना रामकिसनला गाडीत झोप लागली होती, त्यामुळे वाटेतला मुलूख त्याने पाहिलाच नाही. औषधांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून चिकटल्यावर त्याचे जग खोली, कारखाना आणि माईंची खानावळ एवढेच उरले. नकार देणे त्याला जमत नसे. सुटीच्या दिवशी बोलावले तरी तो कामावर जाई, आणि नको असलेली पोळीसुद्धा मुकाट्याने खाई. जवळचाच शिरगावचा किल्ला कुठल्या दिशेला आहे, हे मात्र त्याला सांगता आले नसते.

चौऱ्याण्णव साली त्याच्या खोलीतला सोबती पुंजाराम याने मुंबईहून जुना टीव्ही गेम आणला. सोबतची कॅसेट जपानी निघाली. तिच्यात ना गोळीबार होता, ना मोटारींची शर्यत. एक इवलासा माणूस नकाशावरून चालत राही. पुंजारामने चार शिव्या घालून ती बाजूला टाकली. रामकिसनने उचलली.

त्या नकाशावर गाव म्हणजे दोन घरांचे चित्र, आणि माणूस गावाहून उंच. डोंगर लागला तर वळसा घालावा, जंगल लागले तर आत शिरावे; पडद्याच्या कडेतून नवा मुलूख सरकत येई. तिकीट नाही, गेटपास नाही, इकडे कशाला आलास म्हणून हटकणारे कोणी नाही. राक्षस आडवे येत, पण लढण्यापेक्षा पळ काढणे रामकिसनला सोयीचे वाटे. खेळ सुरू होताना राजाने नेमके कोणते काम सांगितले होते, हे त्याला कधीच कळले नाही आणि त्याची खंतही नव्हती. जेवताना तो तिथल्या वाळवंटाविषयी अशा थाटात बोले, की तिकडे तुझे कोणी पाहुणे राहतात काय, असे माईंनी एकदा विचारलेच.

अडचण एकच होती: समुद्र. पलीकडचा किनारा दिसे, पण बंदरावरचा होडीवाला नेईना. तो काहीतरी विचारी आणि खाली दोन शब्दांची चौकट उमटे. खेळातल्या दुकानात अशाच चौकटीतला वरचा शब्द दाबला की वस्तू मिळे, म्हणजे तो होकार. शिवाय पुंजारामच्या कारखान्यात यंत्रे बसवायला आलेला जपानी दर वाक्याला मान लववून ‘हाय’ म्हणे. गडी लवकर बोईसरकर झाला, असा कामगारांचा समज होता. तेव्हा वरचा शब्द ‘हाय’ ठरला. खालचा ‘नाय’ असणार, हे माईंनी परस्पर ठरवून टाकले. रामकिसन दर वेळी ‘हाय’ दाबी, आणि होडीवाला त्याला राजाकडे परत धाडी.

अशातच पुंजारामला वापीला नोकरी लागली. रविवारी संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता, आणि टीव्ही गेम अर्थातच त्याच्याबरोबर. त्या दिवशी रामकिसन जेवायलाही फिरकला नाही, म्हणून माई स्वतःच डबा घेऊन खोलीवर आल्या. त्यांच्यादेखत होडीवाल्याने त्याला पुन्हा परत पाठवले.

‘‘काय इचारतो तो?’’

‘‘ते कळलं असतं तर इथं बसलो असतो का, माई?’’

माईंचे माहेर सफाळ्याकडचे, खाडीकाठचे. ‘‘आमच्याकडं होडीवाला दोर सोडायच्या आदी एकच इचारतो. मागं कोन ऱ्हायला हाय का? हाय बोललं का तो होडी सोडीत नाय. जा, घेऊन ये बोलतो. आनि तू आपला हाय हाय करतोस.’’

रामकिसनला पटले, तरी बोट खालच्या शब्दावर जाईना. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसे म्हणायचे, असे तो पुटपुटला.

‘‘तोंडावर कुटं? बोटानं बोल.’’

त्याने खालचा शब्द दाबला. होडीवाल्याने खरोखर तेच विचारले होते, याला पुरावा नाही. होडी सुटली, एवढे खरे. जमीन मागे सरकली आणि पडदाभर निळे पाणी पसरले. बॅग भरणाऱ्या पुंजारामचा हात थांबला. मग समोरून अनोळखी किनारा आला, आणि त्यामागे पांढऱ्या डोंगरांची रांग.

‘‘पुंजा, त्याच्या पल्याड काय असंल रे?’’

पुंजारामने घड्याळाकडे पाहिले. मग बॅग भिंतीशी सरकवून तो शेजारी येऊन बसला.

‘‘उजवीकडून घे,’’ तो म्हणाला. ‘‘डावीकडं वाट दिसत न्हाई.’’