बेचाळिसावी विहीर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो. आजही. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली…

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून पाच मैलांवर. आबा – माझे वडील – सहीपुरतं शिकलेले. पण त्यांनी मला नगरच्या बोर्डिंगात ठेवलं, म्हणून मी पीएच.डी. झालो आणि पुण्याच्या एका संस्थेत वर्षाच्या नेमणुकीवर संशोधक म्हणून लागलो. तालुक्यातल्या विहिरी मोजायच्या आणि मे महिन्यात कुठे किती फुटांवर पाणी असेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं, हे माझं काम. अहवाल चांगला झाला तरच नेमणूक वाढणार होती.

विहिरी एक्केचाळीस. सगळ्या मी स्वतः टेप सोडून मोजलेल्या. दर विहिरीला एक पंच केलेलं, म्हणजे भोकं पाडून आकडे भरलेलं, कार्ड. गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डावर संख्या द्यायची – ४१. तेवढी वाचून झाली की प्रोग्रॅम थांबतो. पुढे जाऊच शकत नाही.

छापून आलेल्या कागदावर बेचाळीस ओळी होत्या.

शेवटच्या ओळीत नकाशावरची एक जागा, आणि पाणी सदतीस फुटांवर. विहिरींची कार्डं मोजली. एक्केचाळीस. पुन्हा चालवली… पुन्हा बेचाळीस ओळी.

"तुमच्या नगरकडं कार्डांना पिल्लं होतात का हो?" आमचे सर हसले. मग म्हणाले, "ती ओळ काढा. असल्या अहवालावर कोण नेमणूक वाढवेल?"

मी काढली. पण त्याआधी ती जागा नकाशावर मांडून पाहिली होती. ती आमच्याच रानात पडत होती! बांधाजवळच्या दगडांच्या ढिगावर. तिथे आजोबा कधी नांगर जाऊ द्यायचे नाहीत.

घरी गेलो. आमची विहीर कोरडी ठाक. आई दोन मैलांवरून पाणी आणत होती. नवी विहीर कुठे खणायची, हा घोर आबांना लागलेला. मी ढिगाकडे बोट केलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"तितं जुनी ईर हुती. माझी थोरली भन, अक्का… बारा वर्सांची. पान्याला गेल्ती, म्हागारी आली न्हाई. ती गावली, कळशी न्हाई गावली. बाबानं मग ईरच बुजवली." ते थांबले. "तुला कुनी सांगितलं रं?"

"मशीननं, आबा."

"अन् मशीनला?"



तिसऱ्या दिवशी त्यांनीच पहिला दगड उचलला. तीन आठवडे आम्ही उकरत होतो. सदतिसाव्या फुटाला, भर दुपारी, तांब्याची कळशी लागली. आजूबाजूचे दगड कोरडे होते. कळशी काठोकाठ भरलेली होती. ती उचलली, तसा खालून झरा फुटला.

आबांनी कळशी दोन्ही हातांनी धरली.

"लई येळ लावलास, अक्का," म्हणाले, आणि तिथेच खाली बसून प्यायले.

माझी नेमणूक वाढली. अहवालात एक्केचाळीसच विहिरी आहेत. अक्काची ओळ मी माझ्या हाताने काढली, हे आबांना शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. पुढे तीच कार्डं कितीतरी वेळा चालवून पाहिली. दर वेळी एक्केचाळीस. प्रोग्रॅममधली चूक अजून शोधतोय… सापडलेली नाही.