बस मागताना मोजलेली माणसं

त्यानं माझी वेणी मुठीत धरली अन् मले सीटवरून ओढलं. डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं. मग बसच्या पायरीवर तोंड. दात ओठात घुसला. कंडक्टर तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घालून बसला. बस गच्च भरलेली. एकानंही 'अरे' म्हटलं नाही.

मारणारा सरपंचाचा पुतण्या. मी समोरच्या सीटवर बसली, एवढाच माझा गुन्हा. समोरच्या सीटा गावच्या, मागच्या आमच्या बौद्ध वस्तीच्या. कुठं लिहिलेलं नाही. पण गावच्या माणसानं खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकला की सीट त्याची. माझे बाबा मिस्त्रीकामाले नागपुरात जात. समोर सीटा खाली असल्या तरी उभे जात. बस सुरू झाली तवापासून.

अन् ही बस आली कशी, तेही सांगते. उमरेड रोडचा फाटा गावापासून दीड तास पायी. गावानं बस मागितली तवा डेपोतल्या साहेबानं विचारलं, गावात माणसं किती? गावची माणसं पुरत नव्हती. तवा सरपंच आमच्या वस्तीत आला. आधी कधी पाय ठेवला नव्हता भल्या माणसानं. मले म्हणाला, "पोरी, तुहं अक्षर चांगलं हाये. यादी तूच लिही."

मी तवा दहावीत. हुरळून गेली. घरोघरी फिरून म्हातारे, तान्हे, सगळे लिहिले. आमची वस्ती धरली तवा कुठं आकडा भरला. बस आली, नारळ फुटला. आमच्या हातावर पेढा वरून टाकला. तरी मी हसली. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मार खाल्ला त्या दिवशी नागपुरात माझी नर्सिंगची शेवटची प्रॅक्टिकल होती. चुकली तर वर्ष गेलं. पांढरा युनिफॉर्म इस्त्री करून घातला होता. मागं पाय ठेवायले जागा नव्हती. समोरच्या सीटवर नुसता दुपट्टा. मी त्याची नीट घडी केली, बाजूला ठेवला अन् बसली.

"उठ! तुह्या बापाची बस हाये का?" पुतण्या ओरडला.

"हो. बापाचं नाव यादीत हाये. मीच लिहिलं."

तवा त्यानं वेणी ओढली. खाली पडल्यावर कमरेत लाथ घातली. मी त्याचं मनगट दातात धरलं. तो बोंबलला, तरी सोडलं नाही. हाड फुटलं असतं तर बरं झालं असतं. हे सांगताना मले काडीची लाज नाही. मग त्यानं मले रस्त्यावर ढकललं अन् बस निघून गेली.

फाट्यापर्यंत चालत गेली. युनिफॉर्म रक्तानं भरलेला. नागपूरची जीप येऊन थांबली. बसली असती तर परीक्षा मिळाली असती. मी रस्ता ओलांडला, उलट्या दिशेची गाडी धरली अन् पोलीस ठाण्यात गेली. हवालदार म्हणाला, "जाऊ दे ना वं बाई, आपसात मिटवून टाका." मी संध्याकाळपर्यंत बाकावरून हलली नाही. शेवटी अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लागला. वर्ष मात्र बुडालं.

आठ दिवसांनी सरपंच दारात. "केस वापस घे. नाही तर बस बंद करतो. मंग तुही वस्तीच तुले शिव्या देईल."

खोटं नव्हतं. शेजारची काकू आठव्या महिन्यातल्या सुनेले घेऊन उभी होती. "घे ना वं वापस, माय. हिले दवाखान्यात कशी नेऊ?"

तेवढ्यात बाबांनी सरपंचासमोर हात जोडले. मी ते हात धरले अन् जोर लावून सोडवले.

"काकू, हिच्या वेळेले मी येते. गरज पडली तर बैलबंडीत घालून फाट्यापर्यंत नेऊ." मग सरपंचाले म्हटलं, "करा बस बंद. केस वापस होत नाही."

अजून कोर्टाच्या तारखाच पडतात. माफीचे निरोप येतात, धमक्याही येतात. साक्ष मीच देणार. भर कोर्टात बोट दाखवून, नाव घेऊन सांगणार की यानं मले मारलं. मले संपवलं तरच ही केस मागं जाईल.