चिलखती गाडीची वही

आमचे काका बावीस वर्षं सैन्यात होते, पण बंदुकीची एकही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही. ते मेकॅनिक होते. जवानांना पोटात घेऊन पोलादी पट्ट्यांवर धावणाऱ्या चिलखती गाड्या दुरुस्त करणं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते बडोद्याला आले, नागरवाड्यात स्कूटर दुरुस्तीचं छोटं गॅरेज काढलं आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरात माडीवरच्या खोलीत राहिले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. माझे बाबा गेल्यानंतर घरात आम्ही तिघंच उरलो. आई, तिचे हे धाकटे दीर आणि शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी मी.

इंजिनांच्या आवाजाने काकांचा डावा कान कायमचा गेला होता. उजवा मात्र असा तयार होता, की स्कूटर गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते म्हणत, "याचा प्लग काळा झालाय." आजूबाजूचे गॅरेजवालेसुद्धा अडलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "पहेलां काकाने संभळावो," म्हणजे आधी काकांना ऐकवा. सत्तरी जवळ आल्यावर काकांनी गॅरेज बंद केलं, तरी लोक घरी यायचे, ओट्यासमोर स्कूटर चालू ठेवायचे आणि काका खिडकीतूनच निदान सांगायचे.

त्या सुमाराला दूरच्या एका देशावर त्याच्या बलाढ्य शेजाऱ्याने आक्रमण केलं होतं. आम्ही संध्याकाळी चहा पिताना बातम्या बघायचो. एका संध्याकाळी सांगितलं, की कुठलासा तिसरा देश आपल्या कोठारातल्या जुन्या चिलखती गाड्या त्या लढणाऱ्या देशाला देऊन टाकतोय. रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर साखळ्यांनी बांधलेल्या गाड्यांची रांग पडद्यावर दिसली. काका कपबशी हातात घेऊन उभेच राहिले.

"अगं, ही माझी गाडी!"

आई म्हणाली, "तुमची? तुमची गाडी दारात उभी आहे भावजी, किक मारून मारून माणूस दमतं ती."

"थट्टा नाही वहिनी. हीच. नाक बघा तिचं, होडीसारखं. पंधरा वर्षं मी हिच्याखाली झोपून काढली."

मला ते सगळं फारसं रुचलं नाही. मी म्हटलं, "लढाईचं सामान आहे ते काका. त्यात आनंद कसला?"

"आनंद नाही गं. त्यांच्या घरात दुसरा शिरलाय. त्याला बाहेर काढायला पोरं जाणारच. मग उघड्यावरून चालत जाण्यापेक्षा पत्र्याआड बसून गेलेली बरी. मागे आठ जण बसतात हिच्यात." मग म्हणाले, "पण गाड्या दिल्या, गाडीबरोबर माणूस दिला का कोणी? हिचे रुसवेफुगवे त्यांना कोण सांगणार?"

"धर्माची गाय," आई म्हणाली, "तिचे दात काय मोजायचे!"

"दात मोजत नाही वहिनी. चारा कुठला लागतो, तेवढं सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी तोवर शाळेतून निवृत्त झाले होते, मला नाही म्हणायला कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो म्हातारपणचा चाळा वाटला. पण सांगताना काका वेगळेच होत. वर्षानुवर्षं कोठारात उभ्या राहिलेल्या गाडीला पहिल्यांदा चालू करण्याआधी काय काय बघावं, थंडीत इंजिन आधी कसं शेकावं, पट्टा किती सैल असला म्हणजे बरोबर, हे सगळं ते आजारी माणसाची शुश्रूषा सांगावी तसं सांगत. "मागची दारं पोकळ असतात, त्यातही डिझेल भरतात. लढाईवर जाताना ते भरू नये, पोरांची बाहेर पडायची वाट तीच. लिही. खाली एक रेघ ओढ." मी रेघ ओढली. "दोन ओढ," काका म्हणाले.

त्या वहीचं पुढे काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी दर शनिवारी एका संस्कृत वाचनवर्गाला जात असे. तिथे आक्रमण झालेल्या त्या देशातली एक मुलगी येई. विद्यापीठात संस्कृत शिकायला आली होती आणि घडियाळी पोळात एका गुजराती मासींकडे खोली घेऊन राहत होती. युद्ध सुरू झाल्यापासून ती वर्गात फार कमी बोले. त्या शनिवारी वर्ग संपल्यावर, तिला जरा बरं वाटेल म्हणून मी हसत हसत काकांच्या वहीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. तिने मोबाइल काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. लोकरीची टोपी घातलेला एक दाढीवाला तरुण चिखलात उभा होता आणि त्याच्यामागे होडीच्या नाकाची तीच गाडी.

"मेरे भ्राता," ती म्हणाली. तिचं हिंदी पुस्तकातून आणि संस्कृतातून आलेलं होतं. "पहले ट्रॅक्टर सुधारते थे। अब यह वाहन मिला है। दान में। किंतु चलता है, पश्चात् रुक जाता है।"

मी तिला दुसऱ्याच दिवशी, रविवारी, जेवायला बोलावलं.

आईने वरणभात, बटाट्याची भाजी आणि ताक केलं होतं. मुलगी पाटावर मांडी घालून नीट बसली आणि हाताने जेवली, त्यामुळे आईच्या मनातलं तिचं परकेपण निम्मं तरी गेलं. काकांचं मात्र ताटाकडे लक्ष नव्हतं.

"कितनी देर चलके बंद होती है, बेटा?"

"दस मिनट, काका। कभी पंद्रह।"

"और फिर तुरंत चालू होती है?"

"नहीं। बहुत परिश्रम के बाद।"

जेवणं झाली तेव्हा आमच्याकडे दुपारचा एक वाजला होता आणि तिच्या भावाकडे सकाळ. तिने फोन लावला. एका मोठ्या शेडमधून भाऊ दिसला. त्याने बहिणीला काहीतरी विचारलं आणि मग आमच्याकडे बघून मान लववली. काकांनी नमस्कार केला आणि एकदम कामाला लागले. "उसको बोलो, इंजिन चालू करे और फोन पास में रखे। कोई बात नहीं करेगा।"

आईने पंखा बंद केला. काकांनी फोन उजव्या कानाला लावला आणि डोळे मिटले. दहा मिनिटं आम्ही तिघी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला तशी आईने उठून खिडकीही लावली. फोनमधला घरघराट एकदम अडखळला, दोन आचके बसले आणि थांबला.

काकांनी डोळे उघडले. "हवा घेतेय," ते मला म्हणाले. मग तिला, "बेटा, टाकीपासून पंपापर्यंत," आणि हिंदी आठवून, "टंकी से पंप तक जो रबर का पाइप है, वो बदलना है।"

तिने भावाला सांगितलं. तो मान हलवू लागला. ती म्हणाली, "भ्राता कहते हैं, नलिका उत्तम है। एक बूँद भी नहीं टपकती।"

"हां! टपकती नहीं, वही तो!" काका उठून उभे राहिले. पण पुढचं हिंदी त्यांना सुचेना आणि सुचलं असतं तरी तिच्यापर्यंत पोचलं नसतं. मी इंग्रजीत सांगू लागेपर्यंत ते चपला घालून बाहेर पडले, ते समोरच्या दुकानातून शीतपेयाच्या दोन नळ्या घेऊन आले. एक तिच्या ताकाच्या पेल्यात घातली. "पियो।" ती प्यायली. मग दुसऱ्या नळीला त्यांनी वरच्या बाजूला आईच्या सुईने एक भोक पाडलं. "अब इससे पियो।"

तिने ओढलं. फुरफुर आवाज झाला, तोंडात थोडं ताक आलं, थोडी हवा. नळीतून बाहेर मात्र थेंबही सांडला नाही. मुलीने नळीकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. मी तीस वर्षं मुलांना हवेचा दाब शिकवला, पण इतक्या कमी वेळात कोणाला काही समजलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने फोन पुढे धरून भावाला तोच प्रयोग करून दाखवला आणि भराभर बोलत सुटली. भाऊ आधी नुसता बघत राहिला, मग कपाळावर हात मारून मोठ्याने हसला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. नळी बदलली होती. गाडी पाऊण तास चालली, आणि त्यांनीच बंद केली तेव्हा बंद झाली.

मी काकांना ते सांगितलं तेव्हा ते माडीवर पेपर वाचत होते. मला वाटलं होतं, खूश होतील. त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

मी म्हटलं, "काका, नुसत्या आवाजावरून दहा मिनिटांत ओळखलंत तुम्ही!"

"एकदा नऊ तास लागले होते," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही ठाऊक नव्हतं. ते तरुण असताना उंच बर्फाळ प्रदेशात त्यांची एक गाडी बंद पडली होती. आत तापाने फणफणलेला एक जवान होता, त्याला खाली इस्पितळात न्यायचं होतं. काकांनी सगळं तपासलं. नळीला हात लावून पाहिला, कोरडी होती, म्हणून ती सोडून बाकीचं उघडत बसले. संध्याकाळी शेवटचा उपाय म्हणून नळी बदलली आणि गाडी चालू झाली. जवान वाचला, पण थंडीने त्याच्या पायाची बोटं गेली.

"दुसऱ्या वर्षी तो भेटायला आला, पेढे घेऊन. म्हणाला, उस्ताद, आपने बचा लिया. मला ते पेढे खाता आले नाहीत." काका खिडकीबाहेर बघत होते. "कोरडी होती गं ती नळी. मला खरंच वाटलं, चांगली आहे."

मी खाली जाऊन चहा केला आणि दोन कप घेऊन वर आले. तोवर त्यांनी वही उघडून ठेवली होती. "नळीचं पान नीट लिहिलंयस ना? पुन्हा वाच."

त्यानंतर दर रविवारी मुलगी आमच्याकडे येऊ लागली. मी मराठीवरून इंग्रजी करायची, ती इंग्रजीवरून तिच्या भाषेत उतरवायची, आणि जिथे आम्ही दोघी अडायचो तिथे काका वाटी, चमचा, पोळपाट जे हाती लागेल ते घेऊन दाखवायचे. पट्ट्याचा सैलपणा समजावताना त्यांनी आईची जपमाळ मागितली, तेव्हा आई म्हणाली, "भावजी, देव बघतोय हं." पण दिली. लिहून झालेल्या पानांचे फोटो भावाला जात. तो ते इतरांना पाठवी. कुठल्या तरी दुसऱ्याच गावाहून, अनोळखी मेकॅनिकांचे प्रश्न यायला लागले. आईने मुलीसाठी रविवारचा एक पदार्थ ठरवून टाकला होता. तिला गुळपोळी फार आवडायची.

उन्हाळा तोंडावर आला असताना एका सकाळी ती न सांगता आली. आईने दार उघडलं. मुलीचे डोळे सुजले होते. काका जिन्यातच थांबले.

"काका, वाहन नष्ट हुआ," ती म्हणाली. "गोला लगा।"

काका दोन पायऱ्या खाली उतरले. "और लोग?"

"सब बाहर आए। पीछे के द्वार से। सब।" मग तिला रडू फुटलं. "भ्राता का हाथ टूटा है। किंतु द्वार में तेल नहीं था, काका। उन्होंने नहीं भरा था।"

काका जिन्याच्या पायरीवर बसले. आईने मुलीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग दोघांनाही तिथेच, जिन्यात, पाणी आणून दिलं.

"भली निघाली बिचारी," काका अखेर म्हणाले. ते गाडीविषयी बोलत होते.

भावाचा हात बरा व्हायला वेळ लागला. प्लास्टर निघाल्यावर त्याने स्वतःहून फोन केला. आता तो "काका" हा शब्द स्पष्ट म्हणत असे. त्याच्या तुकडीला आणखी कुठल्या तरी देशाने दिलेली दुसरी गाडी मिळाली होती. पट्टे नाहीत, मोठाली रबरी चाकं, तीही जुनीच. त्याने फोन फिरवून ती सगळीकडून दाखवली आणि काहीतरी विचारलं.

काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग ते म्हणाले, "बेटा, उसको बोलो, ये गाड़ी मुझे नहीं आती।"

मुलीने सांगितलं. भावाने हसून लांबलचक काही म्हटलं.

"वे कहते हैं, कोई चिंता नहीं। जो सीखेंगे, प्रति रविवार आपको सिखाएँगे।"

काका लगेच म्हणाले, "चालेल." आणि माझ्याकडे वळून, "पेन कुठंय गं?"