अळणी वरण

डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. आज अळणी वरणाचा पहिला घास घेतला आणि अकोल्याचं ते जेवण आठवलं.

हे समुद्रपक्ष्यांचे अभ्यासक. वादळात भरकटून आमच्या वावरात पडलेला एक पक्षी यांनी घरी आणला. तो मान टाकून बसला, पाण्याला शिवेना. हे कासावीस झाले. तेवढ्यात सासूबाईंनी बरणीतलं सगळं मीठ त्याच्या पाण्यात ओतलं.

"आत्याबाई, आता सयपाक कायचा करू?" मी सासूबाईंना विचारलं.

"समुद्राचा पाहुणा हाय तो. त्याले गोडं पानी कसं चालन?"

पक्षी खरंच ते पाणी प्यायला! आनंदात यांनी अळणी वरण दोनदा वाढून घेतलं. म्हणाले, "वरन बेस झालं आज!"

अजून डोकं फिरतं. इतकी वर्षं मी मीठ बेतून घालत होते, ते कोणासाठी?