थोरला आधी, धाकटा मागून

आबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असे. शर्टाच्या आत, इतरांचा ताईत असतो तिथे. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये विद्यार्थ्यांना पेनड्राइव्ह आणायला बंदी होती, व्हायरस येतो म्हणून. परवानगी एकट्या आबांना, कारण बंद पडलेली मशीन ते त्याच्यावरूनच चालू करत. हुद्दा लॅब अटेंडंटचा, तोही कंत्राटी. कुलूप उघडणं, पंखे लावणं, खुर्च्या मोजणं हे त्यांचं काम. मशीन दुरुस्त करणं त्यात बसत नव्हतं.

त्यांना इंग्रजी बोलता येत नसे. पण काळ्या स्क्रीनवर उमटलेली ओळ ते बोट ठेवून वाचत आणि वहीत देवनागरीत उतरवून घेत, ‘नो सच पार्टिशन’. खाली, काय केल्यावर चाललं ते. मुलं वहीत डोकावून हसायची. कोणी चूक दाखवली की आबा म्हणत, “मशीन चालनं ना? मंग तू कसाले रडस?”

मी पिंप्राळ्याची, जळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. आमच्या घरात अहिराणी कोणी बोलत नसे. पहिले काही महिने आबांचं बोलणं मला निम्मंच कळे आणि पुन्हा विचारायचं धाडस होत नसे. दुसऱ्या वर्षी मी माझ्या लॅपटॉपवर, आधीचं लिनक्स तसंच ठेवून, विंडोज टाकलं. चालू केला की थेट विंडोज. दोन्हींतलं एक निवडायचा मेनू गायब, आणि लिनक्समधल्या वर्षभराच्या नोट्सही. मी कोणाला सांगितलं नाही. तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आबांनीच विचारलं, लॅपटॉप पिशवीतून बाहेर का येत नाही.

“घर बठ्ठं जागावर शे, माय,” स्क्रीन बघून ते म्हणाले. “दार दिखत नही, इतलंच.”

त्यांच्या हिशेबात विंडोज हा घरातला थोरला. तो आधी बसला तर मागून आलेला धाकटा, म्हणजे लिनक्स, दोघांची सोय बघतो. थोरला मागून आला तर दाराचा ताबा घेतो आणि धाकटा आत आहे हे कोणाला सांगतसुद्धा नाही. त्यांनी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, चार ओळी टाइप केल्या, मेनू परत आला. मग मुद्दाम तो पुन्हा घालवला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी पाच वेळा चुकले. ते शेजारी डबा खात बसले, एकदाही हात लावला नाही.

गावातली दुकानं प्रत्येक दुखण्यावर फॉर्मॅट मारून, म्हणजे आतलं सगळं पुसून, देत. त्या शब्दाचा आबांना संताप येई. “मानूस मरेल शे का ते पह्यले देखा,” ते म्हणत, “मंग लाकडं आना.”

शेवटच्या वर्षी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दोन दिवस आधी, तीसही मशीनवर नवं विंडोज टाकायला कॉलेजने बाहेरचा माणूस बोलावला. आबांना त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत बाकं लावायला पाठवलं होतं. दुपारी आम्ही लॅबमध्ये गेलो तर एकाही मशीनवर मेनू नव्हता. आमचे प्रोजेक्ट लिनक्समध्ये. लॅबला इंटरनेट नाही, पेनड्राइव्हला बंदी, म्हणून प्रत कोणाकडेच नव्हती.

विभागप्रमुख सर म्हणाले, लिनक्स उडालंय, सगळं फॉर्मॅट करून नव्याने टाका, परीक्षा तरी होऊ दे. आबा धावत आले होते. काही उडालेलं नाही, मला उद्याची सकाळ द्या, असं ते सांगत राहिले. सर हसले.

“आबा, आता तुम्ही मला बूटिंग शिकवणार?” मग आमच्याकडे वळले. “हे म्हणतात ते खरं वाटतं का कोणाला?”

मला वाटत नव्हतं, माहीत होतं. आमच्यापैकी मेनू स्वतःच्या हातांनी परत आणलेली मी एकटीच होते. मी समोरच्या कीबोर्डकडे बघत राहिले. आबा काही बोलायला गेले आणि थांबले.

मशीन फॉर्मॅट झाली. पालकांनी तक्रार केल्यावर चौकशी झाली. किल्ली अटेंडंटकडे असते, तेव्हा नुकसान त्यांच्या निष्काळजीपणामुळे झालं, असं ठरलं. तसं निवेदन तयार करून रोल नंबरप्रमाणे आमच्या सह्या घेतल्या. माझ्या आधी सोळा होत्या. मीही केली. प्रोजेक्टचे सगळ्यांना सरासरी गुण मिळाले, कोणाचंही वर्ष गेलं नाही. आबांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

जळगावात नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी मी आबांना भेटायला दोंडाईच्याला गेले. आबा बाजाराच्या मागे एका गोदामावर राखण करत होते. एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. ठपका ठेवून काढलेल्या माणसाला दुसऱ्या कॉलेजने घेतलं नाही, हे अक्कांनी, त्यांच्या पत्नीने, चहा टाकता टाकता सांगितलं. आबा या वर्षी कांदा कसा आलाय ते सांगत बसले.

मला तेव्हा माहीत होतं, आणि त्या कागदावर माझीही सही आहे, हे गाडीत पाठ केलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं. आबांनी बशीतला चहा संपवला.

“तुन्हं नाव मन्हा तोंडमा येल व्हतं,” ते म्हणाले. “पन तू खाले देखी राह्यनी व्हती.”

मग त्यांनी माझ्या गाडीची वेळ विचारली आणि रिक्षा थांबवायला पुढे चालू लागले.